माळ उतरवावी का? देवाच्या धीराविषयी एका वारकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

यावल तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न असा आहे. वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी तरुणपणीच तुळशीची माळ घातली, हरिपाठाचा नेम घेतला आणि जमेल त्या वर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीची वाट धरली. मद्य-मांस वर्ज्य करणे, एकादशी धरणे ही पथ्ये ते आजही पाळतात. परंतु इतक्या वर्षांनंतरही हरिपाठ मधूनमधून सुटतो आणि धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून चाललेला वाद मिटत नाही. रागाच्या भरात बायकोमुलांना नको ते बोलले जाते, आणि सप्ताहात कीर्तन ऐकताना डोळ्यांत आलेले पाणी घराच्या उंबऱ्यापर्यंत टिकत नाही. अशा माणसाला देव किती काळ सांभाळून घेईल, त्याचा धीर आता संपला असेल का, आणि गळ्यात खोटी खूण मिरवण्यापेक्षा माळ उतरवून ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

माउली, माळ उतरवू नका. तापीकाठच्या गावांतून कीर्तन-प्रवचनाची सेवा करताना हाच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडांनी ऐकायला मिळाला आहे, आणि तो विचारणारी माणसे बहुधा मनाने खरी असतात. गळ्यात माळ आणि कपाळी बुक्का असून आतून काहीच न खुपणारी माणसेही भेटतात, आणि मला अधिक काळजी त्यांची वाटते. आपल्याला खुपते आहे, म्हणजे आत काहीतरी जागे आहे, आणि ते आपण स्वतःच्या बळावर जागे ठेवले आहे असे मला वाटत नाही.

आपल्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे, ती आधी तपासली पाहिजे. माणसाने प्रथम शुद्ध व्हावे आणि मग देवाने त्याला जवळ करावे, असा क्रम आपण गृहीत धरला आहे. त्यामुळे दोष शिल्लक आहेत म्हणजे देव दूर गेला, किंवा जाण्याच्या बेतात आहे, असा निष्कर्ष आपोआप निघतो. वारकरी परंपरा ज्या देवापाशी उभी आहे, त्याची कथाच या क्रमाला धरून नाही. पंढरपूरची मूर्ती ही वाट पाहणाऱ्या देवाची मूर्ती आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत असताना देव दाराशी आला, सेवा अर्धवट टाकून उठता येईना म्हणून पुंडलिकाने वीट पुढे सरकवली, आणि देव कमरेवर हात ठेवून त्या विटेवर उभा राहिला तो आजतागायत. आरतीत आपण अठ्ठावीस युगे म्हणतो ती या उभे राहण्याची मोजदाद आहे.

ज्याच्यासाठी देव असा थांबला, तो पुंडलिक आरंभापासून मातृपितृभक्त नव्हता. कथा सांगते की तो आईवडिलांना छळणारा, त्यांची हेळसांड करणारा मुलगा होता, आणि काशीच्या वाटेवर कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याला स्वतःच्या वागण्याची लाज वाटेपर्यंत तो तसाच राहिला. कथेचा हा पूर्वार्ध आम्ही कीर्तनकार फार घाईने उरकतो आणि विटेच्या प्रसंगाकडे धावतो. माझ्या मते आपल्यासारख्या श्रोत्यांसाठी तो पूर्वार्ध सावकाश सांगितला गेला पाहिजे, कारण विटेवरचा देव कोणत्या प्रकारच्या माणसाच्या दाराशी आला होता हे त्यातूनच कळते.

गीतेच्या नवव्या अध्यायातील 30 आणि 31 हे दोन श्लोक याच संदर्भात लागोपाठ वाचावेत. अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे, असे भगवंत आधी सांगतात. आणि तो लवकरच धर्मात्मा होतो, हे त्यानंतरच्या श्लोकात येते. साधू मानणे आधी आहे, धर्मात्मा होणे मागाहून आहे. आपण सध्या या दोन श्लोकांच्या मधल्या जागेत उभे आहात, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर मार्गावरील बहुतेक माणसे तिथेच असतात. मात्र पहिल्या श्लोकात निश्चयाची अट घातलेली आहे, हे विसरू नये. त्याकडे मी पुढे येईन.

आता नामदेवांकडे वळू, कारण देवाचा धीर कसा चालतो हे त्यांच्या चरित्राइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसत नाही. लहानपणी वडील परगावी गेले असताना आई गोणाईने नामदेवांच्या हाती नैवेद्याचे ताट दिले. देव खरोखरच जेवतो अशी त्या मुलाची समजूत होती, आणि देव जेवत नाही असे पाहताच त्याने विटेवर डोके आपटून घेण्याची धमकी दिली. परंपरा सांगते की देव जेवला. भक्तीच्या शास्त्रात हे वागणे हट्टाचे आणि अजाणतेपणाचे ठरेल. देवाने ते तसे तोलले नाही. पुढे कित्येक वर्षे नामदेव आणि विठ्ठल यांचे बोलणेचालणे एका घरातल्या माणसांसारखे होते, आणि आपण देवाचे लाडके आहोत ही जाणीव नामदेवांच्या मनात हळूहळू मुरत गेली.

मग तेर गावी गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असताना मुक्ताईंची नजर थापटण्यावर गेली. हे काय आहे, असे त्यांनी विचारले. मडके पक्के की कच्चे ते याने पाहतात, असे गोरोबाकाकांनी सांगितले. मग या इथे बसलेल्या मडक्यांचीही परीक्षा करा, असे मुक्ताई म्हणाल्या, आणि काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. बाकीचे संत शांत राहिले. नामदेव चिडले. हे मडके कच्चे, असा निवाडा सर्वांसमक्ष झाला, आणि अपमानाने पोळलेले नामदेव तडक पंढरपूरला येऊन विठ्ठलासमोर रडले.

या ठिकाणी थोडे थांबावे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. विठ्ठलाला नामदेवांचे कच्चेपण त्या दिवशी कळले असे कोणीही म्हणणार नाही. नैवेद्याच्या ताटापासून त्याला ते ठाऊकच होते. ठाऊक असूनही तो त्यांच्या हातचे जेवला, त्यांच्या कीर्तनात उभा राहिला आणि एकदाही तू आधी पक्का होऊन ये असे म्हणाला नाही. पण नामदेव गाऱ्हाणे घेऊन आले तेव्हा त्याने त्यांची बाजूही घेतली नाही. ते दोघे खरे बोलले, तुला गुरू नाही, तू विसोबा खेचरांकडे जा, असे त्याने सांगितले. जवळीक तोडली नाही आणि दोषावर पांघरूणही घातले नाही. शिवाय ते कच्चेपण काढण्याचे काम देवाने स्वतः केले नाही. ते एका लहान मुलीच्या तोंडून, एका कुंभाराच्या हातून आणि औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या एका माणसाकडून करवून घेतले. तुझ्या मते जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले, आणि नामदेवांनी पाय जिकडे उचलून ठेवले तिकडे पिंडी दिसू लागली. पंढरपूरच्या एका मूर्तीपुरता मानलेला देव सर्वत्र आहे, हे नामदेवांना त्या देवळात उमगले.

ज्यांनी कुंभाराला काम करताना जवळून पाहिले आहे त्यांना या कथेतील अवजाराचे मर्म अधिक कळेल. चाकावरून उतरवलेले मडके जाड बुडाचे आणि ओबडधोबड असते. ते थोडे सुकले की कुंभार एक हात आत घालून गोळ्याचा आधार देतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापटणे मारीत मडके फुगवत, पातळ करीत नेतो. आतला हात आणि बाहेरचे थापटणे नेहमी समोरासमोर असतात. आधार सुटलेल्या जागी घाव बसला तर ओले मडके जागच्या जागी फाटते. नामदेवांना बाहेरून थापटणे बसले तेव्हा आतला आधार कित्येक वर्षांपासून लागलेला होता, म्हणून ते रागावले, रडले, पण मोडले नाहीत. पुढे त्यांनी पंजाबपर्यंत पदयात्रा केली, घुमान येथे दीर्घकाळ वास्तव्य केले, आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. तेरला ज्याला कच्चे ठरवले तेच हे मडके.

विसोबांविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. परंपरेप्रमाणे हे विसोबा पूर्वी ज्ञानेश्वरादी भावंडांचे कडवे विरोधक होते. मुक्ताई मांडे भाजण्यासाठी खापर आणायला कुंभारवाड्यात गेल्या तेव्हा त्यांना काहीही देऊ नका अशी ताकीद विसोबांनीच कुंभारांना दिली होती. ज्ञानेश्वरांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले गेल्याची कथा तिथूनच येते, आणि तो प्रकार पाहून विसोबा शरण आले. ज्याने मुक्ताईंना खापर मिळू दिले नाही, त्याच माणसाकडे देवाने पुढे नामदेवांना पक्के करण्यासाठी पाठवले. देव अपूर्ण माणसांना नुसते सहन करीत असता तर त्याने विसोबांना क्षमा करून एका कोपऱ्यात बसू दिले असते. त्याने त्यांना गुरूच्या आसनावर बसवले.

आपण ज्या मुक्ताईच्या पालखीबरोबर चालता, त्या मुक्ताईंचे आपल्या खान्देशाशी असलेले नातेही या विषयाच्या गाभ्याशी जोडलेले आहे. शके 1219, म्हणजे इसवी सन 1297 मध्ये, तापीकाठी मेहूण परिसरात विजेच्या कडकडाटात त्या अंतर्धान पावल्या असे मानतात. वयाची विशीही त्यांनी पाहिली नव्हती. जवळच तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास कोथळी-मुक्ताईनगर आणि चांगदेव या दोन्ही ठिकाणी एकच यात्रा भरते. गुरू आणि शिष्य यांची स्थाने इतकी शेजारी असताना आपल्याकडचे कित्येक भाविक दर्शनाची घाई करून परततात आणि ही दोन माणसे एकमेकांची कोण होती, हे मुलांना सांगत नाहीत.

चांगदेवांनी योगबळावर चौदाशे वर्षे आयुष्य मिळवले होते, अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतले, पण मायना काय लिहावा हे ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने श्रेष्ठ, म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने लहान. अखेर कोरा कागदच पाठवला गेला. चौदाशे वर्षे जगून चांगदेव कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाल्या, आणि आपण एवढ्यावरच हसून पुढे जातो. परंतु निवृत्तिनाथांनी तो कागद परत पाठवला नाही किंवा फेकून दिला नाही; त्यांनी ज्ञानेश्वरांना उत्तर लिहायला सांगितले, आणि त्या कोऱ्या कागदाला 65 ओव्यांचे उत्तर गेले, जे आज चांगदेव पासष्टी म्हणून आपण वाचतो. उत्तर वाचूनही चांगदेवांचा अहंकार लगेच गेला नाही. ते वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीला आले. त्यानंतर ते नमले, आणि ज्या मुलीने त्यांना कोरा म्हटले होते तीच त्यांची गुरू झाली. चौदाशे वर्षांची साधना चुकीच्या अभिमानापाशी अडकलेली असूनही ज्याला उत्तर मिळाले, त्या चांगदेवांच्या गावाजवळ राहून आपण काही वर्षांच्या तुटलेल्या नेमावरून देवाचा धीर संपल्याचे अनुमान काढू नये.

ज्ञानेश्वर स्वतः लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा ती उघडायला लावणारी मुक्ताईच होती. सर्वांत धाकट्या बहिणीने दाराबाहेर उभे राहून, न चिडता, पुन्हा पुन्हा विनवले. देवाचा धीर हा शब्द मी जेव्हा उच्चारतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हा प्रसंग असतो, कारण तो धीर आपल्यापर्यंत बहुधा कोणातरी माणसाच्या रूपानेच पोहोचतो.

आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताहात हे दर रात्री घडते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहारे लावलेले असतात. रात्री दोन-तीनच्या सुमारास दिवसभर कपाशीत किंवा केळीच्या बागेत राबलेला विणेकरी उभ्याउभ्या डुलू लागतो, तारेवरचे बोट थांबते, तोंडातले नाम अडखळते. मंडपाच्या कडेला घोंगडीवर पडलेला दुसरा टाळकरी उठतो, वीणेला आणि विणेकऱ्याला नमस्कार करतो, आणि वीणा त्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घेतो. तुला झोप का लागली, असे कोणी विचारत नाही, आणि दुसऱ्या रात्री त्याच माणसाला त्याच्याच पहाऱ्यावर उभे केले जाते. माउली, आपण माळ उतरवून या मंडळींतून बाहेर पडाल, तर ज्या हातांकरवी देव आपल्याला घडवू पाहतो आहे त्या हातांपासूनच आपण दूर जाल. कच्चे आहोत म्हणून कुंभारवाडा सोडणाऱ्या मडक्याला पक्के होण्याची दुसरी जागा उरत नाही.

आता निश्चयाच्या अटीविषयी. देवाचा धीर आहे म्हणून आपल्या रागाला मुदतवाढ मिळाली, असा अर्थ आपण काढत नाही हे आपल्या लिहिण्यावरून दिसते. पण असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. देव सहन करतो म्हणून घरच्यांनीही सहन केले पाहिजे, असे कुठल्याही संताने शिकवलेले नाही. नवऱ्याच्या शिव्या किंवा मार सोसणाऱ्या बाईला देवाच्या धीराचे दाखले देऊन गप्प बसवणे हा अधर्म आहे, आणि तसे प्रवचन कोणी करीत असेल तर ते ऐकू नये. पुंडलिकाची कथा आईवडिलांनी छळ सोसत राहावा म्हणून सांगितलेली नाही. मुलगा वळला आणि सेवेला लागला, म्हणून देव तिथे आला. रागात आपल्या तोंडून जे शब्द जातात, त्यांची क्षमा देवाकडे मागण्याआधी ज्यांना ते लागले त्यांच्याकडे मागा. आज संध्याकाळी मागा. मुलांसमोर बोलला असाल तर मुलांसमोरच मागा. त्यांना वडिलांचे वारकरीपण कीर्तनापेक्षा त्यातून अधिक कळेल.

भावाच्या बांधाचा प्रश्न मात्र भक्तीचा करू नका. पुष्कळ घरांत असे वाद वर्षानुवर्षे चालतात, कारण दोन्ही बाजू देवाला साक्षी ठेवतात आणि मोजणी कोणीच करीत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज करा, मोजणीत ज्या हद्दीच्या खुणा पडतील त्या मान्य करू असे आधीच एकमेकांना लिहून द्या, आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तर तेवढी जमीन मुकाट्याने सोडा. गावातील एखादे वडीलधारे मध्यस्थ म्हणून सोबत घेतले तर बोलणे सोपे जाईल. थापटणे कधीकधी मोजणीच्या साखळीच्या रूपानेही येते.

नेमाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सर्वांना पटेल असे नाही. पेरणीच्या किंवा केळीच्या कापणीच्या दिवसांत ज्याला पहाटेपासून शेतात असावे लागते, त्याने संपूर्ण हरिपाठाचाच आग्रह धरून आठ दिवस काहीच न म्हणण्यापेक्षा चालता-चालता होईल इतके थोडे अभंग ठरवावेत आणि ते मात्र सोडू नयेत. हंगाम सरल्यावर पूर्ण पाठ पुन्हा सुरू करावा. हा बदल मनाशी न करता ज्यांच्या हातून माळ घातली त्यांना सांगून करावा. ते हयात नसतील तर आपल्या भजनी मंडळातील एखाद्या ज्येष्ठ वारकऱ्याला सांगावा. नामदेवांना एकट्याने पक्के होता आले नाही, हे आपण वर पाहिलेच.

सुटलेल्या दिवसांचे पाठ मागाहून भरून काढावेत का, असेही आपण विचारले आहे. काढू नयेत. राहिलेल्या पाठांची थकबाकी मनात साठवली की देव सावकारासारखा वाटू लागतो आणि माणूस त्याच्या दारावरून जायचे टाळतो. माळ उतरवण्याचा विचार आपल्या मनात शिरला तो बहुधा याच वाटेने. ज्या दिवशी आठवण होईल त्या दिवशीचा पाठ म्हणावा आणि भजनाला जाऊन आपल्या नेहमीच्या जागी बसावे. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघेल तेव्हा बुलढाणा, जालना, बीडमार्गे पंढरपूरपर्यंतची संपूर्ण वाट शेतीमुळे जमणार नसेल तर पहिल्या एक-दोन मुक्कामांपर्यंत तरी चालावे, आणि शक्य झाल्यास भावालाही बोलवावे. तो आला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.